पायटेस्टमध्ये हवी तीच टेस्ट कशी चालवायची (आणि फेल झालेली परत कशी)

पायटेस्ट म्हणजे पायथॉन कोडच्या टेस्ट चालवणारं टूल. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात नवीन आलेली पोरं एक ओळ बदलतात की लगेच सगळा सूट, म्हणजे प्रोजेक्टच्या झाडून सगळ्या टेस्ट, चालवतात, बारा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसतात, मग परत एक ओळ, परत बारा मिनिटं, आणि सहा वाजता भुमकर चौकातलं ट्रॅफिक डोळ्यासमोर आलं की टेस्ट न चालवताच कोड पुश करून (सगळ्यांच्या रिपॉझिटरीत टाकून) निघतात. मला हे खरंच बघवत नाही, म्हणून लिहितोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करा.

एकच टेस्ट हवी असेल तर फाइलचा पाथ, मग दोन कोलन, मग फंक्शनचं नाव. क्लासमध्ये असेल तर मधे क्लासचं नाव आणि परत दोन कोलन. पॅरामीटरवाली टेस्ट (एकच टेस्ट वेगवेगळ्या इनपुटवर चालते ती) असेल तर शेवटी चौकोनी कंसात त्या केसचा आयडी येतो, आणि मॅकवर झेडशेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) असेल तर हे सगळं कोट्समध्ये टाका, नाहीतर शेल तो कंस स्वतःच वाचायला जातो आणि 'नो मॅचेस फाउंड' म्हणतो.

नाव पूर्ण आठवत नसेल तर -के आणि पुढे नावाचा तुकडा. उदाहरणार्थ पायटेस्ट -के "इनव्हॉइस अँड नॉट रिफंड". सोपं आहे, पण इथेच लोक फसतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या डेस्कवरच्या मुलीने जीएसटीचं राउंडिंग बदललं आणि -के टॅक्स दिलं, 14 पास, सगळं हिरवं, ती खूश. मी म्हटलं जरा नावं बघू या. त्या 14 पैकी 9 टेस्ट पार्सरच्या (मजकूर वाचून त्याची फोड करणाऱ्या कोडच्या), कारण 'सिंटॅक्स'मध्येही 'टॅक्स' येतं ना! आणि राउंडिंगची टेस्ट, जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती इनव्हॉइसच्या फाइलमध्ये वेगळ्याच नावाने होती, ती चाललीच नव्हती. -के शब्द जुळवत नाही, तुकडा जुळवतं, तेही फाइल आणि क्लासच्या नावात सुद्धा, कॅपिटल-स्मॉल न बघता. म्हणून आधी त्याच कमांडला --कलेक्ट-ओन्ली -क्यू जोडा, काहीही न चालवता निवडलेल्या टेस्टची यादी दिसते, ती डोळ्याखालून घाला आणि मगच चालवा. आणि एकही टेस्ट जुळली नाही तर एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) 5 येतो, स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आता परत चालवणं. सगळा सूट एकदा चालवा, समजा 6 फेल झाल्या, आता नुसतं पायटेस्ट --एलएफ, फक्त त्या सहाच चालतील. ही यादी प्रोजेक्टमधल्या डॉट पायटेस्ट कॅश फोल्डरमध्ये असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी येऊनही तिथूनच सुरू करता येतं. सगळ्या पास झाल्या की यादी रिकामी होते आणि पुढचं --एलएफ अख्खा सूट चालवतं, तेव्हा घाबरू नका, ते तसंच आहे. फेल झालेल्या आधी आणि बाकीच्या मागून हव्या असतील तर --एफएफ. मोठा रिफॅक्टर (काम तेच ठेवून कोडची मांडणी बदलणं) करताना मला --एसडब्ल्यू सगळ्यात आवडतं, पहिल्या फेलला थांबतं, तुम्ही दुरुस्त करा, परत तीच कमांड द्या, तिथूनच पुढे जातं.

एक चिवट प्रकार राहिला. टेस्ट एकटी चालवली तर पास, सूटमध्ये फेल. अशा वेळी ती दहा वेळा परत चालवून काही होत नाही, आधीची कुठली तरी टेस्ट डेटाबेसमध्ये किंवा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये काहीतरी सोडून गेलेली असते. संशयित टेस्ट आणि फेल होणारी टेस्ट, दोन्हींचे पूर्ण पाथ एकाच कमांडमध्ये, संशयित आधी, असे द्या. फेल झाली तर चोर सापडला, नाही झाली तर पुढची संशयित घ्या. आमच्याकडे अशी एक सापडायला दुपार गेली, फिक्सचरमध्ये (टेस्टआधीची तयारी करणाऱ्या फंक्शनमध्ये) टाइमझोन बदलून परत पूर्वीसारखा केलाच नव्हता.