दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळताना या चुका टाळा

पेशंट डॉक्टरांच्या आधी काउंटरवरच्या माणसाला भेटतो. तिथे झालेली चूक केस पेपरबरोबर आत जाते आणि मग केबिन, लॅब, बिल, विम्याचा अर्ज अशी सगळीकडे फिरते. वीस-तीस खाटांच्या रुग्णालयांत रिसेप्शनवर बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

नाव आपणच सुचवणं

सर्वात महागात पडते ती नावाची चूक. ‘तुम्ही संजय पाटील ना?’ असं विचारलं की कमी ऐकू येणारे आजोबाही मान डोलावतात. त्याऐवजी म्हणा, ‘तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.’ नाव पेशंटने सांगायचं, आपण जुळवायचं. सांगली-कोल्हापूरकडे एकाच सकाळी दोन संजय पाटील येणं नवलाचं नाही, म्हणून नावासोबत जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक हवाच. नुसत्या मोबाईल नंबरावर फाइल उघडू नका. अख्ख्या घराचा एकच नंबर दिलेला असतो. सून तपासायला येते आणि फाइल सासूबाईंची उघडते. मग सुनेला असलेली पेनिसिलिनची ॲलर्जी डॉक्टरांसमोर येतच नाही.

ॲडमिशन असेल तर आणखी काळजी घ्या. बाई लग्नानंतरचं नाव सांगतात, आधार कार्डावर माहेरचं असतं. दीपक हे नाव इंग्रजीत कोणी दोन ‘ई’ लावून लिहितं, कोणी एक ‘आय’. विमा कार्ड आणि ओळखपत्र शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर नातेवाइकांना तेव्हाच सांगा. डिस्चार्ज समरी छापल्यावर दुरुस्ती निघाली तर सही पुन्हा, शिक्का पुन्हा, आणि तोवर घरची माणसं बॅग भरून ताटकळत बसतात.

सगळ्यांना एकाच रांगेत बसवणं

निदान करणं आपलं काम नाही. पण छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, बोबडी वळतेय, गरोदर बाईला रक्तस्राव होतोय, साप चावलाय, तान्हं बाळ मलूल पडलंय, असं काही कानावर आलं की पेन खाली ठेवून सिस्टरला हाक मारायची. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला अर्धा तास बाकावर घालवू नका. ‘त्रास नेमका किती वाजता सुरू झाला?’ एवढं विचारून कागदावर लिहा. आत पहिला प्रश्न तोच असतो.

अशा पेशंटला डिपॉझिटसाठी किंवा पोलीस केसच्या कागदांसाठी अडवायचं नाही. तातडीचे उपचार कायदेशीर सोपस्कारांसाठी थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. अपघातातल्या माणसाला उचलून आणणाऱ्या वाटसरूकडेही नावगाव सांगण्याचा किंवा पैसे भरण्याचा आग्रह धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण दिलं आहे.

आणि बाकीच्यांना कारण सांगा: ‘तातडीचा पेशंट आत घेतलाय, तुमचे नंबर तसेच आहेत.’ न सांगता घेतलं की लोकांना वशिला वाटतो, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नसते.

‘दहा मिनिटांत येतील’

डॉक्टर ऑपरेशनला असतील तर तसं सांगून टाका. ‘साडेसहाच्या आधी ओपीडी सुरू होणार नाही, चहा घेऊन या, तुमचा नंबर जाणार नाही.’ लोक तासभरही थांबतात, पण तीनदा ‘आलेच’ ऐकल्यावर आवाज चढतो. वेळ आणखी पुढे गेली तर कोणी विचारायची वाट न बघता उठून सांगा. रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी आलेल्या मधुमेहाच्या पेशंटचं रक्त आधी घ्यायला लावा. साखर उतरून चक्कर आली तर मोठं काम होऊन बसतं.

सगळ्यांदेखत विचारणं

‘काय त्रास होतोय?’ हे काचेपलीकडून मोठ्याने विचारलं की बाई खोटंच काहीतरी सांगतात. केस पेपरवर तेच लिहिलं जातं. संकोच दिसला तर ‘आत मॅडमनाच सांगा’ म्हणा. रजिस्टर उघडं टाकू नका. फोनवर कोणी मुलगा किंवा नवरा म्हणून रिपोर्ट विचारला तरी सांगू नका. एचआयव्हीबाबतची गुप्तता तर २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवण्याआधी नंबर पेशंटला वाचून दाखवा.

‘कॅशलेस होऊन जाईल’

बिल विमा कंपनी परस्पर भरेल, हे वचन आपल्या हातातलं नसतं. ‘अर्ज पाठवतो, मंजुरी आली की लगेच कळवतो, हातमोज्यांसारख्या काही वस्तूंचे पैसे तुम्हाला भरावे लागू शकतात’ असं पहिल्याच दिवशी सांगा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. पण हे घड्याळ रुग्णालयाने कागद पाठवल्यावर सुरू होतं. कित्येकदा उशीर आपल्याकडेच झालेला असतो: वॉर्डातून फाइल उतरलेली नसते, न वापरलेली औषधं मेडिकलला परत करायची बाकी असतात. पेशंटला उद्या घरी सोडणार हे डॉक्टरांच्या राउंडला कळलं की आदल्या संध्याकाळीच मेडिकलचा हिशोब बंद करायला लावा.

पैसे आणि ड्युटी बदल

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच शिक्का मारा. बिल मोठं असेल तर लक्षात ठेवा, एका पेशंटच्या उपचारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हप्ते पाडून घेतली तरीही.

ड्युटी सोडताना गल्ला मोजून दोघांच्या सह्या होतात, तेवढ्यावर थांबू नका. कोणाला परत फोन करायचाय, कोणाची मंजुरी अडकलीय, कोणत्या नातेवाइकांना किती वाजताची वेळ दिलीय, हे वहीत लिहा आणि पुढच्या माणसाला वाचून दाखवा, म्हणजे संध्याकाळी काउंटरवर त्यांना वेगळंच उत्तर मिळणार नाही.