गेम किंवा रेंडर चालू असताना लॅपटॉप धाडकन बंद पडतो? आधी कारण पकडा

ब्राउझिंग, टायपिंग सगळं नीट चालतं, पण गेम लावला किंवा व्हिडिओ एक्स्पोर्टला टाकला की थोड्या वेळात स्क्रीन काळी. ना एरर, ना निळी स्क्रीन. अशा वेळी बरेच जण आधी फॉरमॅट मारायला घेतात, आणि कळकळीने सांगतो, ते करू नका. असा एका क्षणात मरणारा लॅपटॉप बहुतेक वेळा हार्डवेअरमुळे मरतो, त्यामुळे फॉरमॅट करून दिवसभर परत सगळं इन्स्टॉल करत बसाल आणि गेम लावला की पुन्हा तेच. बॅकअप मात्र आजच घ्या, लिहिणं चालू असताना पॉवर गेली की फाइल करप्ट होऊ शकते.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजने ठेवलेल्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून सिस्टिमचा लॉग बघा. बंद पडल्याच्या वेळेला ‘कर्नल-पॉवर’ नावाची आयडी ४१ ची एंट्री असेल. पॉवर हा शब्द बघून लोक लगेच नवा चार्जर मागवतात, पण ती एंट्री एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं, का झालं ते नाही. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (विंडोज क्रॅश होऊन निळी स्क्रीन आली की नोंदवला जाणारा एरर नंबर) शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही असं समजा, म्हणजे उष्णता नाहीतर पॉवर. शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेलीये, मग ड्रायव्हर, रॅम वगैरे बघावं लागेल, तो वेगळा विषय. आणि आयडी १०७४ दिसली तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने किंवा अपडेटने स्वतःहून बंद केलंय, हार्डवेअरला हात लावायची गरज नाही.

आता खरं काम. लॅपटॉप बंद पडतो त्या क्षणी तापमान किती होतं हे डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणून ते फाइलमध्ये लिहून घ्यायचं. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका, सेन्सर्सची विंडो उघडा, खाली लॉगिंगचं बटण आहे ते चालू करा आणि ज्या कामात बंद पडतो तेच काम लावा. पडला की परत चालू करून ती सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि शेवटच्या काही ओळी वाचा: सीपीयूचं (प्रोसेसरचं) तापमान, जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, आणि दिसत असेल तर फॅनचा स्पीड. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

तापमान चढत चढत शंभरच्या आसपास चिकटलेलं दिसलं तर उष्णता. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, बऱ्याच इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश असते, रायझनची मॉडेलप्रमाणे ९५ ते १०५, आणि तिथे पोचल्यावर प्रोसेसर लगेच बंद होत नाही, आधी स्वतःचा स्पीड कमी करतो. तरीही तापमान वाढतच राहिलं तर चिप वाचवायला पॉवर तोडली जाते. म्हणजे नुसता गरम होणारा लॅपटॉप आणि गरम होऊन बंद पडणारा लॅपटॉप यात फरक आहे, दुसऱ्यात कूलिंग खरंच कोलमडलेलं असतं. फॅन अडकलाय का, हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) जाळीत धुळीची गादी बसलीये का, चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळलीये का, हे बघा. नुसतं कूलिंग पॅड घेऊन हे सुटत नाही.

साफ करायचं तर बाहेरून हवा मारू नका, धूळ आत आणखी घट्ट बसते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं कव्हर उघडा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मग फॅनची पाती बोटाने धरून हवा मारा (मोकळा फॅन हवेने जोरात फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं). पेस्ट बदलताना जुनी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, हीटसिंकच्या स्क्रूजवळ आकडे छापलेले असतील तर त्याच क्रमाने थोडं थोडं करून आवळा. थर्मल पॅड (चिप आणि हीटसिंकमधल्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे टाका, जाडी चुकली तर हीटसिंक चिपला नीट टेकत नाही.

आणि तापमान सत्तर-ऐंशीलाच असताना गेला? मग पॉवर. तेच काम एकदा चार्जर लावून करा, एकदा काढून. फक्त बॅटरीवर पडत असेल, तेही ३०-४० टक्के दाखवत असताना, तर बॅटरी थकलीये. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, जोराचा लोड आला की व्होल्टेज एकदम खाली येतो आणि लॅपटॉप बंद, टक्के कितीही दाखवू देत. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड देऊन बॅटरी रिपोर्ट काढा आणि डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज झाल्यावरची) ताडून बघा, पण रिपोर्ट चांगला आला म्हणून बॅटरी निर्दोष धरू नका, रोध त्यात दिसत नाही, लॉगमधला व्होल्टेजच जास्त खरं बोलतो. टचपॅड वर आलंय, तळ फुगलाय असं दिसलं तर बाकी सगळं सोडा. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, जाणकाराकडून बदलून घ्या.

चार्जर लावलेला असताना पडत असेल तर चार्जरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा, १९.५ गुणिले ६.६७ म्हणजे १३० वॅट. लॅपटॉपला १३० लागतात आणि तुम्ही टाइप-सीचा ६५ वाला लावलाय, तर बाकीची पॉवर बॅटरीतून ओढली जाते, आणि बॅटरी थकलेली असेल तर दोन्ही मिळून घात करतात. पिन सैल आहे का तेही बघा, आणि चार्जरवर दिवा असेल तर लॅपटॉप पडतो त्या वेळी तो विझतो का ते बघा, विझत असेल तर संशय चार्जरवर.

तोवर काम अडलं असेल तर पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा लोड आल्यावर वाढणारा जादा स्पीड) बंद होतो आणि लोड बराच उतरतो. गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पण ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा. बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट मात्र या अवस्थेत करू नका, मधेच बंद पडला तर मदरबोर्डच जायचा.

तापमान ठीक, बॅटरी नवी, चार्जर बरोबर वॅटचा आणि तरीही पडतोय, तर बहुतेक मदरबोर्डवरच्या पॉवर सर्किटमध्ये दोष आहे, ते घरी होणारं काम नाही. रिपेअरला देताना ती लॉग फाइल सोबत द्या आणि कुठल्या लोडला, चार्जरवर का बॅटरीवर पडतो ते लिहून द्या, कारण तिथे नुसता चालू करून बघितला तर तो व्यवस्थितच चालेल.