मेडिकलच्या लायसन्सवर नाव लावण्याआधी

डी.फार्म. म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झाला, त्यानंतरची एक्झिट परीक्षा पास झाली, फार्मसी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हातात पडला की कुठल्या तरी मेडिकलवाल्याचा फोन येतोच. "फक्त नाव लावायचंय, रोज यायची गरज नाही." म्हणजे दुकानाच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव तुमचं, काउंटरवर दुसराच कुणी. पहिल्याच फोनला नाही म्हणा. विचार करून सांगतो, असंही म्हणू नका.

फार्मसी कॉलेजं एवढी वाढली, तरी दुकानदारांची तक्रार तीच, फार्मासिस्ट मिळत नाही. माझं मत स्पष्ट आहे. माणसं आहेत, पगार नाही. दिवसभर उभं राहून जे मिळतं त्यात घर चालत नाही, म्हणून पोरं कंपनीत किंवा एमआरशिपला, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून डॉक्टरांकडे फिरायला जातात आणि भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट तेवढं राहतं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना अशा दुकानांवर धडाक्यात कारवाई झाली. केमिस्ट संघटनांनी कडाडून विरोध केला, पण फार्मासिस्टची किंमत तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळली.

आता मला जिथे अडकवलं गेलं ते सांगतो, नीट वाचा. मी रोज काउंटरवर असायचो, नावापुरता नव्हे. दुसऱ्या गावी बरी नोकरी लागली, रीतसर राजीनामा दिला. शेठ म्हणाले, "दुसरा मिळाला की कळवतो एफडीएला." त्यांनी कळवलंच नाही. मी गाव सोडलं तरी लायसन्सवर माझंच नाव, आणि एक फार्मासिस्ट एका वेळी एकाच दुकानावर लागतो, म्हणून नव्या मालकाचा अर्ज अडकला. त्याहून वाईट म्हणजे तिकडे बिलांवर माझ्या नावापुढे भलताच कुणी सही मारत होता. काही विपरीत घडलं असतं तर पहिला जाब मला विचारला गेला असता.

म्हणून राजीनामा मालकाच्या हाती दिला की सुटलो असं समजू नका. त्याची प्रत जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात स्वतः नेऊन द्या. त्यावर तुमचा नोंदणी क्रमांक, दुकानाचा लायसन्स क्रमांक आणि कामाचा शेवटचा दिवस लिहा. इनवर्डचा म्हणजे आवक नोंदीचा शिक्का मारलेली पोच घ्या, जपून ठेवा. नोंदीतून नाव निघालं का ते पुन्हा जाऊन विचारा. "मी कळवतो" हे वाक्य कुणाचंही असो, काका-मामाचं असो, त्यावर विसंबू नका. रुजू होतानाही सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर दुकानाचं नाव आणि तारीख टाकूनच सही करा. मूळ प्रत मालकाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

एवढं केलंत तर घाबरण्यासारखं काही नाही. तपासणीला येणारा एफडीएचा औषध निरीक्षक खाऊन टाकत नाही. तुम्ही हजर, एक्स्पायरीचा माल वेगळा ठेवलेला, रजिस्टर भरलेलं, मग बोलणं सोपं जातं.

जुन्या हेल्परकडून शिका, जरूर शिका. डॉक्टरचं अक्षर आणि कुठली स्ट्रिप कुठल्या खणात, हे त्याच्याइतकं कुणी शिकवत नाही. डोस मात्र त्याच्या भरवशावर देऊ नका. आमच्याकडे एका आजींच्या पाकिटावर हेल्परने मेथोट्रेक्सेट रोज एक असं लिहिलं होतं. चिठ्ठीत आठवड्यातून एकदा होतं. संधिवाताची ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतते. मी पाकीट परत घेतलं, वार ठरवून मोठ्या अक्षरात लिहिला आणि सुनेला बोलावून समजावलं. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ नोंदणीकृत फार्मासिस्टनेच औषध द्यावं असं म्हणतं, ते याचसाठी. डी.फार्म.च्या ५०० तासांच्या प्रशिक्षणाची फाइल नुसत्या सह्या आणून भरणाऱ्यांना हे काउंटरवर सुचत नाही.

नोकरी बघायला गेलात की पगाराआधी शेड्यूल एच१ चं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीचं रजिस्टर मागा. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, सगळं त्यात हवं आणि ते ३ वर्षं जपलेलं हवं. सेफिक्झिम, अल्प्राझोलम अशी त्याच यादीतली औषधं खपतायत आणि रजिस्टर कोरं असेल, तर पगार कितीही सांगू दे, तिथे नाव लावू नका.