जुनी टेरानो घेताना: पत्रा, पट्टा आणि पॉलिसी

जुनी डस्टर शोधत कुणी माझ्याकडे आलं की मी आधी विचारते, टेरानो बघितली का? बहुतेकांनी बघितलेली नसते. मी सांगलीत मोटार विम्याची सर्व्हेअर आहे. अपघाताच्या, पुराच्या गाड्या उघडून नुकसान मोजणं हे माझं रोजचं काम. या दोन्ही गाड्या मी पार सांगाड्यापर्यंत उघडलेल्या बघितल्या आहेत, आणि तिथवर उघडल्यावर डस्टर कुठली नि टेरानो कुठली हे पटकन सांगता येत नाही.

रेनोने डस्टर भारतात २०१२ मध्ये आणली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, निस्सानने तीच गाडी टेरानो या नावाने विकायला काढली. दोन्ही चेन्नईजवळच्या ओरगडमच्या एकाच कारखान्यातल्या. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं एकच, ग्राउंड क्लिअरन्सही दोन्हींचा २०५ मिलिमीटर. निस्सानने चेहरामोहरा तेवढा बदलला: ग्रिल, हेडलाइट, बंपर, मागचे दिवे, आणि आत डॅशबोर्डवर एसीच्या गोल जाळ्यांऐवजी चौकोनी. नवी असताना टेरानो डस्टरपेक्षा महाग होती. जुन्या बाजारात उलटं झालंय. आपल्याकडे डस्टरचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, टेरानोला गिऱ्हाईक कमी. तेव्हा किंमत ठरवताना सांगली, कोल्हापूर, कराड आणि पुण्यातल्या, त्याच वर्षाच्या आणि जवळपास तेवढ्याच रनिंगच्या चार-पाच डस्टरचे भाव काढा आणि टेरानो त्याच्या खाली मागा. एजंट म्हणेल, "ताई, निस्सान आहे, जपानी." त्याला शांतपणे सांगा की दोन्हींत डिझेलचं इंजिन रेनोचंच आहे.

कमी भाव मागण्याला कारणही आहे. या गाडीचे सुटे भाग दोन प्रकारचे. इंजिनचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे भाग डस्टरचे चालतात आणि ते मिळतात. पण समोरचा चेहरा फक्त टेरानोचा. हेडलाइट फुटला किंवा पुढचा बंपर गेला तर डस्टरचा बसत नाही, आणि टेरानोचा मागवून वाट बघावी लागते. त्यामुळे गाडी बघताना मी सुरुवात चेहऱ्यापासून करते. दोन्ही हेडलाइट सारखेच जुने दिसतात का? एक पिवळसर आणि एक काचेसारखा लख्ख असेल तर त्या बाजूला मार बसलाय. बॉनेट आणि फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी हवी. बॉनेट उघडून बिजागरीचे बोल्ट बघा, त्यांच्या डोक्यावरचा रंग पाना लागून उडाला असेल तर बॉनेट कधीतरी उतरवलंय. बंपर बदललेला असणं हा गुन्हा नाही, शहरात वापरलेल्या गाडीला तेवढं होणारच. मला बघायचा असतो तो बंपरच्या मागचा आडवा बीम आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे मुख्य पत्रे. तिथे हातोड्याच्या खुणा किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर मी तिथेच थांबते.

आता इंजिन कोणतं ते. डिझेल दीड लिटरचं, ८५ पीएस आणि ११० पीएस अशा दोन ताकदीत. १.६ लिटर पेट्रोलही होतं, पण आपल्याकडे विक्रीला बहुतेक डिझेलच येतात. ८५ ला पाच गिअर, ११० ला सहा. सांगली-तासगाव-विटा एवढाच वापर असेल, द्राक्षाचे क्रेट टाकून बागेत जायचं असेल, तर ८५ घ्या. टर्बो साधा, क्लच हलका, खर्च कमी. महिन्यात चार वेळा पुणे गाठायचं असेल तर ११० चा फरक खंबाटकी घाटात कळतो. २०१६ च्या अखेरीस ११० मध्ये एएमटीही, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी गाडीही, आली. ती मी शक्यतो कुणाला सुचवत नाही, कारण जुन्या एएमटीवर विश्वासाने हात घालणारा मिस्त्री जिल्ह्यात शोधावा लागतो. फोर बाय फोर फक्त डस्टरमध्ये होतं. टेरानो फोर बाय फोर आहे असं कुणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

हेच डिझेल इंजिन वेगवेगळ्या ताकदीत महिंद्रा-रेनोच्या लोगनमध्ये होतं, महिंद्राच्या वेरिटोत होतं, निस्सान सनीत होतं. टॅक्सीतल्या वेरिटोंमुळे आपल्याकडच्या बऱ्याच मिस्त्रींचा त्यावर हात बसलाय, आणि टेरानो घ्यायला मी सांगते त्यामागचं हे मोठं कारण आहे. मात्र या इंजिनात टायमिंग चेन नाही, रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अख्खं हेड उतरवावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल मागा. "बदललाय हो मागच्या वर्षी" हे बिल नव्हे. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून त्याचा खर्च किमतीतून वजा करा, आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो म्हणून त्याचाही धरा. कमी रनिंगच्या गाडीला लोक इथे फसतात. डॉक्टरांची गाडी, फक्त ४०,००० किलोमीटर, हे ऐकायला छान वाटतं, पण बेल्ट किलोमीटरने जसा झिजतो तसा वर्षांनीही कडक होतो. दहा वर्षं तोच बेल्ट असेल तर मीटरवरचा आकडा त्याला वाचवत नाही.

सांगलीत गाडी घेताना सगळ्यात जास्त वेळ पुराच्या खुणा शोधण्यात घालवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या, अंगणातल्या गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीचा दुरुस्तीखर्च विम्यातल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात. कंपनी मालकाला पैसे देते आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते. ती कुणीतरी घेतो, वाळवतो, सीट कव्हर नवी घालतो, पॉलिश मारतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात विकतो. त्यामुळे गाडी एमएच १० नाही, सोलापूरची आहे, म्हणून निश्चिंत राहू नका. पूर चेन्नईत २०१५ ला आला होता आणि केरळात २०१८ ला, आणि गाड्या सगळीकडे फिरतात.

पाणी कुठवर आलं होतं हे गाडीच सांगते. मागच्या सीटवर बसा आणि सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा, रीळ अडेपर्यंत. पुढचे बेल्ट धुतलेले असतात, मागचे बहुधा विसरतात. शेवटच्या हातभर पट्ट्यावर ओला पांढरा रुमाल दाबून फिरवा. धुळीचा डाग फिका असतो आणि रुमालावर पसरतो. कृष्णेचा गाळ विणीत बसलेला असतो. रुमालावर तपकिरी चिकट रेघ उमटते, आणि ती बोटांत चोळली की पिठासारखी बारीक लागते. काही पट्ट्यांवर तर आडवी कड स्पष्ट दिसते, खाली गडद, वर फिकं. असा पट्टा हाती आला की पुढचं काही बघायची मला गरज उरत नाही.

पट्टा स्वच्छ निघाला तर पुढे जा. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. वरवरचा गंज चालतो, खवले सुटलेला चालत नाही. पायाखालचं मॅट उचलून गालिच्याखाली हात घाला आणि हाताचा वास घ्या. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, एसी चालू करा. कुबट वास आला किंवा सुगंधी बाटल्यांचा भडिमार असेल तर दोन्हींचा अर्थ एकच. डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये टॉर्च मारा, तांब्यावर हिरवट थर असेल तर ती गाडी आज चालेल आणि येत्या पावसाळ्यात एकेक दिवा बंद पडत जाईल. पाणी फक्त पायापर्यंत आलं असेल, मालकाने ते आधी सांगितलं असेल आणि भाव तसा उतरवला असेल तर विचार करता येतो. डॅशबोर्डपर्यंत आलं असेल तर नको, कितीही स्वस्त असली तरी नको. एअरबॅग ऐन वेळी उघडेल की नाही हे मग कुणीच सांगू शकत नाही, आणि त्या गाडीत तुमची मुलं बसणार आहेत.

एअरबॅगचं आणखी एक. सुरुवातीच्या खालच्या मॉडेलमध्ये त्या नव्हत्याच. दोन एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय, असलेलं मॉडेल शोधा, थोडे जास्त गेले तरी चालतील. चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर उघडून गेलेली एअरबॅग न बदलता दिवाच तोडलेला असू शकतो. अपघाताच्या गाड्यांत हे मी अनेकदा पाहिलंय.

पॉलिसीकडे खरेदीदार सहसा बघत नाहीत, मी मात्र ती आधी मागते. चालू पॉलिसी नव्हे, मागच्या जितक्या मिळतील तितक्या. त्यावर नो क्लेम बोनसचा टक्का असतो: क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा चढत जाणारा आकडा मध्येच शून्यावर आला असेल तर त्याआधीच्या वर्षी बहुधा क्लेम झालाय. २०१९ च्या किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या पॉलिसीत शून्य दिसलं तर मालकाला थेट विचारा. बोनस राखण्याचं जादा कव्हर घेतलेलं असेल तर आकडा उतरत नाही, म्हणून तेही पॉलिसीवर वाचा.

चालवून बघायला जाल तेव्हा आधीच सांगून ठेवा की इंजिन गार हवं. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर उद्या येतो म्हणा. गार इंजिन लगेच सुरू झालं पाहिजे. निळा धूर निघत राहिला तर ऑइल जळतंय. मग गाडी मिरजेहून पंढरपूर रस्त्याला दंडोबाच्या चढाकडे न्या. सपाट रस्त्यावर दोष लपतात. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा. ८५ खालच्या आरपीएमला आळशी असते, तो तिचा स्वभाव आहे, पण २,००० च्या पुढे तिने ओढलं पाहिजे. ओढत नसेल आणि मागे काळा धूर असेल तर टर्बोचा पाइप गळतोय किंवा इंजेक्टर गेलेत, आणि या दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून स्कॅनर लावल्याशिवाय पुढे बोलू नका. क्लच तपासायला उभ्या गाडीत हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. गुरगुरत राहिलं तर क्लच संपलाय, आणि तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. टायर २१५/६५ आर१६ चे आहेत; बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, चारही एकाच काळातले आहेत का ते बघा.

कागद. डिझेल टेरानो प्रदूषणाच्या जुन्या बीएस ४ नियमांच्या काळातली, त्यामुळे एप्रिल २०२० नंतरची मिळणार नाही, आणि २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पंधरा वर्षांची होऊन पुन्हा पासिंगला जाईल. ती किती वर्षं वापरायची त्या हिशेबाने वर्ष निवडा. दिल्ली-हरियाणाच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण हरित लवादाच्या आदेशानंतर तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली. ती घेतली तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स तुमच्यावर येतो. ही बेरीज करून बघा, बऱ्याचदा सांगलीतली गाडीच स्वस्त पडते. बाकी मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. थकलेली ई-चलनं पैसे देण्याआधी ऑनलाइन बघा. एजंट "टीटी फॉर्मवर (म्हणजे याच मालकी बदलाच्या फॉर्मवर) सह्या घेतल्यात, नाव नंतर करू" म्हणाला तर थोडी रक्कम नाव होईपर्यंत हातात ठेवा आणि तसं लिहून घ्या.

गाडी नावावर करताना विमाही १४ दिवसांत नावावर करायचा असतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाचा हप्ता भरावा लागतो. तो आधीच बजेटमध्ये धरा. तुमची आधीची गाडी विकली असेल तर तिचा बोनस त्या कंपनीकडून लेखी मागून या पॉलिसीला लावता येतो. आणि टायमिंग बेल्टचं बिल मिळालं नसेल तर पुण्याचा पहिला दौरा ठरवण्याआधी गाडी मिस्त्रीकडे नेऊन बेल्ट आणि वॉटर पंप एकदम बदलून घ्या.