सुपरहिरोची प्रेयसी लिहिताना या चुका टाळा

सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये खलनायक बदलतात, पोशाख बदलतात, लेखक तर दर दोन-चार वर्षांनी बदलतात. प्रेयसी मात्र बरेचदा तीच राहते, आणि म्हणूनच तिचे सगळ्यात जास्त हाल होतात. लॉइस लेन जून १९३८च्या अंकात सुपरमॅनसोबतच पहिल्यांदा अवतरली आणि मूळ मालिकेत त्या दोघांचं लग्न लागलं १९९६ साली. ५८ वर्षं लांबलेलं प्रेमप्रकरण सांभाळायची वेळ कुठल्या कादंबरीकारावर येत नाही. प्रेमकथेला शेवट हवा असतो, मासिक मालिकेला शेवट परवडत नाही. पुढच्या बहुतेक चुका या ओढाताणीतूनच होतात. स्वतःची मालिका लिहू पाहणाऱ्यांना त्या ओळखता आल्या पाहिजेत, आणि आवडती मालिका अचानक का नासली या कोड्यात पडलेल्या वाचकांनाही.

गुपित नको तितकं ताणणं

मुखवट्यामागचं नाव प्रेयसीपासून लपवायचं, ही या प्रकारातली जुनी गंमत. सुरुवातीचे अंक ती छान चालते. मग तिची किंमत दोघांपैकी एकाला मोजावी लागते: एक तर ती मठ्ठ दिसते, नाहीतर तो दुष्ट. लॉइस ही शहरातली सगळ्यात चलाख वार्ताहर. भल्याभल्यांची बिंगं फोडणारी ही बाई शेजारच्या टेबलावरच्या क्लार्क केंटला, म्हणजे साध्या कपड्यांतल्या सुपरमॅनला, निव्वळ चष्म्यामुळे ओळखत नाही, हे वाचकाने किती वर्षं चालवून घ्यायचं? १९५८ ते १९७४ या काळात लॉइसच्या नावाने स्वतंत्र मालिका निघत होती, तब्बल १३७ अंक. त्यातल्या कितीतरी गोष्टींत ती त्याचं गुपित शोधायला किंवा त्याला बोहल्यावर चढवायला खटाटोप करते आणि तो तिला 'धडा शिकवतो'. आज ते अंक चाळताना राग येतो तो सुपरमॅनचा.

गुपिताला मुदत घाला. जमलं तर तो सांगण्याआधीच तिला कळू द्या. फ्लॅशने, म्हणजे बॅरी ॲलनने, लग्नानंतर वर्षभर मनातल्या मनात कुढून १९६७ साली एकदाचं आयरिसला आपलं खरं रूप सांगितलं. तिला ते लग्नाच्या रात्रीपासून ठाऊक होतं. बॅरी झोपेत बडबडतो! १९८४ साली मेरी जेननेही पीटर पार्करला असंच गार केलं. तू स्पायडर-मॅन आहेस हे मला माहीत आहे, असं ती म्हणते आणि तिच्या आधीच्या सगळ्या उडाणटप्पूपणाला वेगळाच अर्थ येतो. गुपित फुटलं की लिहिण्यासारखं बरंच काही हाती लागतं: त्याच्यासाठी थापा कोण मारणार, तो रात्री परतेपर्यंत ती काय करते, आणि एखाद्या दिवशी तिने 'आज जाऊ नकोस' म्हटलं तर तो काय करतो.

तिला मारून त्याला रडवणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

जून १९७३च्या अंकात ग्रीन गॉब्लिनने स्पायडर-मॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, उंच पुलावरून खाली लोटलं. स्पायडर-मॅनने जाळं फेकून तिला पकडलं, वर ओढून घेतलं, आणि हातात आलं ते प्रेत. ती पकडली जाते त्या चौकटीत तिच्या मानेजवळ 'स्नॅप' असा बारीक अक्षरांतला आवाज आहे. म्हणजे तिचा जीव पडण्याने गेला की वाचवण्याने, हा प्रश्न त्याला जन्मभर पुरणार. नायकाची एवढी जुनी प्रेयसी खरोखर मरू शकते, हे तोवर वाचकांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या धक्क्याचा असर असा की पुढच्या कित्येक लेखकांना तोच धक्का आपणही द्यावासा वाटला.

नक्कल करणाऱ्यांनी धक्का उचलला, बांधणी उचलली नाही. ग्वेनच्या मरणात नायकाचा स्वतःचा हात आहे. ज्या शक्तीवर तो आजवर निभावून नेत आला, तीच तिथे घात करते. शिवाय पुढच्या अंकाचा शेवट पाहा. मेरी जेन सांत्वनाला येते तर पीटर तिच्यावर खेकसतो, तुला कोणाच्या मरणाचं काय सोयरसुतक, जा म्हणतो. ती दारापर्यंत जाते. मग बाहेर न पडता दार आतून लावून घेते. माझ्या मते या दोन अंकांतली सर्वांत ताकदीची जागा ती आहे, पुलावरची नाही. कारण तिथे एक पात्र काहीतरी ठरवतं, आणि पुढच्या काही दशकांची प्रेमकथा त्या ठरवण्यातून उभी राहते.

आता १९९४चा ग्रीन लँटर्न घ्या. त्यातला नायक काइल रेनर घरी येतो तर त्याची प्रेयसी अलेक्झांड्रा डीविट फ्रिजमध्ये कोंबलेली. मालिकेत येऊन तिला जेमतेम काही अंक झाले होते. तिला काय व्हायचं होतं, तिच्यामागे कोण राहिलं, याच्याशी कथेला देणंघेणं नव्हतं. काइलला संताप यावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. १९९९ साली गेल सिमोन यांनी (पुढे त्या स्वतः नावाजलेल्या कॉमिक लेखिका झाल्या) अशा मारल्या गेलेल्या, छळ झालेल्या, शक्ती हिरावून घेतलेल्या स्त्री पात्रांची यादीच लोकांसमोर ठेवली, आणि त्या फ्रिजचं नाव या सगळ्या प्रकाराला कायमचं चिकटलं. पुरुष सुटले असंही नाही. वंडर वुमनचा स्टीव्ह ट्रेव्हर १९६९मध्ये मारला गेला, पुढे जिवंत केला, १९७८मध्ये पुन्हा मारला, पुन्हा जिवंत केला. दुसऱ्या खेपेला कोण रडणार?

आपल्या मसुद्यात हा रोग आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. प्रेयसीच्या मृत्यूच्या जागी नायकाचं घर जळालं असं लिहून पाहा. पुढचे दोन-तीन अंक जवळपास तसेच चालत असतील, तर तुम्ही माणूस मारलेलं नाही, सामान जाळलं आहे. मृत्यू हवाच असेल तर आधी तिला तिच्या एखाद्या कामाच्या ऐन मध्यात आणा. ते काम अर्धवट राहू द्या, आणि त्याची झळ नायकाशिवाय इतरांना बसू द्या: तिची बहीण, तिच्या ऑफिसातली माणसं, तिच्यावर विसंबलेलं कोणीतरी. दुःख एकट्या नायकाच्या मालकीचं ठेवू नका. आणि सूड उगवून झाला की लगेच नवी मुलगी आणू नका; वाचक इतके विसराळू नसतात.

बहुतेक वेळा मृत्यूची गरजच नसते. नायकाला एकटं पाडायचं आहे ना? मग तिला सोडून जाऊ द्या. प्रेयसी मेली की नायक निर्दोष राहतो, त्याला फक्त दुःख करायचं असतं. ती सोडून गेली की त्याला स्वतःकडे बघावं लागतं. लेखक हा रस्ता टाळतात, तो बहुधा याचसाठी.

लग्न म्हणजे पूर्णविराम, असं धरून चालणं

पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ साली झालं, तेही थाटात. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये नट उभे करून सोहळा झाला आणि लग्न लावायला स्पायडर-मॅनचा सहनिर्माता खुद्द स्टॅन ली हजर. २० वर्षांनी, २००७ साली, मे काकूला गोळी लागते आणि तिचा जीव वाचवण्याच्या बदल्यात मेफिस्टो नावाचा सैतान या दोघांचं लग्नच मागतो. पीटर संसारी झाला की पोक्त वाटतो आणि घटस्फोटित झाला तर आणखीच, असं प्रकाशकांच्या बाजूचं म्हणणं होतं. मग तोडगा निघाला तो असा की लग्न मुळात झालंच नव्हतं.

लग्न मोडणं ही चूक नव्हे, लग्नं मोडतात. पण २० वर्षांच्या संसारातून आलेलं एकही कारण त्या निर्णयामागे नाही. दोघं भांडलेले नाहीत, दुरावलेले नाहीत. ऑफिसातला निर्णय पात्रांच्या तोंडी घातला की तो असाच, सैतानाच्या हातून घडवून आणावा लागतो. २०१३मध्ये बॅटवुमनच्या लेखकांना केट (म्हणजेच बॅटवुमन) आणि तिची प्रेयसी मॅगी यांचं लग्न दाखवायला मनाई झाली, तेव्हा त्यांनी मालिकाच सोडली. नायकांनी खासगी आयुष्यात सुखी असू नये, अशा अर्थाचा खुलासा नंतर प्रकाशकांकडून आला. लग्न झालं म्हणजे माणूस सुखी झाला, हा हिशेब कोणी मांडला कोण जाणे.

लग्नाने एकच ताण संपतो: जमणार की नाही. उरलेले सगळे शिल्लक असतात. फँटास्टिक फोरमधले रीड आणि स्यू १९६५पासून विवाहित आहेत, १९६८ साली त्यांना मुलगा झाला, आणि त्यांची मालिका त्यामुळे कुठे अडली नाही. फँटमने १९७७ साली डायनाशी लग्न केलं, पुढे जुळी मुलं झाली. जंगल तिथेच, कवटीची गुहा तिथेच. सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे मिस्टर मिरॅकलची २०१७मध्ये सुरू झालेली १२ अंकांची मालिका. त्यातल्या एका अंकात स्कॉट, म्हणजेच मिस्टर मिरॅकल, आणि त्याची बायको बार्डा शत्रूच्या गडात शिरतात, एकामागून एक जीवघेणे सापळे चुकवतात, पहारेकऱ्यांना लोळवतात, आणि अख्खा वेळ बोलतात ते घराची रचना कशी बदलायची याबद्दल. हळूहळू लक्षात येतं की बार्डा नुसती घराबद्दल बोलत नाहीये. तिला दिवस गेलेत. मारामारी मागे पडते आणि आपण संवादाच्या फुग्यांकडे बघत राहतो. हे 'जमेल का, जमणार नाही का' मध्ये कधीच मिळालं नसतं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे लग्नाचं आमिष. बॅटमॅनने २०१७मध्ये कॅटवुमनला मागणी घातली, २०१८मध्ये मालिकेचा ५०वा अंक लग्नाचा म्हणून गाजवला गेला, आणि ऐन वेळी वधू आलीच नाही. सुखी बॅटमॅन हा बॅटमॅन उरणार नाही, असं तिला वाटतं. कथा म्हणून यात दम आहे. पण जाहिरातीत लग्नाचं वचन देऊन अंकात नकार दिला की वाचकाला कथेचा नाही, विक्रीचा वास येतो. वचन तेवढंच द्या जेवढं पाळणार आहात.

तिच्याकडे स्वतःचं काहीच नसणं

लॉइस इतकी वर्षं टिकली त्याचं कारण प्रेम नाही, नोकरी. तिला बातमी हवी असते, आणि बातमीच्या मागे ती सुपरमॅनच्या आधी पोहोचलेली असते. थॉरची जेन फॉस्टर सुरुवातीला उसासे टाकणारी नर्स होती. पुढे ती डॉक्टर झाली, आणि २०१४च्या मालिकेत कॅन्सर झालेली असताना थॉरची शक्ती देणारा हातोडा तिनेच उचलला. रूप पालटलं की शरीरातलं केमोचं औषध निघून जायचं, त्यामुळे प्रत्येक पराक्रम तिला मरणाच्या जवळ नेई. तरी ती उचलते. म्हणून प्रत्येक प्रेयसीला शक्ती वाटत सुटू नका, ती वेगळी पळवाट आहे. मुद्दा असा की जेनकडे निवड होती.

संवाद तपासा. ती फक्त 'सांभाळून जा', 'तू परत येशील ना?' आणि 'मला तुझी काळजी वाटते' एवढंच बोलत असेल तर पान फाडा. तिला म्हणू द्या: 'उद्या नऊला माझी सुनावणी आहे. खिडकीतून येणार असशील तर आवाज करू नकोस, आणि ते रक्त फायलींना लागू देऊ नकोस.' काळजी यातही आहे. पण तिचा उद्याचा दिवस नायकावाचून उजाडणार आहे, हे वाचकाला कळतं.

पाटी पुसून टाकणं

यावर फार बोलायला नको. २०११मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकांनी, डीसीने, सगळ्या मालिका नव्याने सुरू करताना क्लार्क-लॉइसचं लग्न पुसलं आणि सुपरमॅनची जोडी वंडर वुमनशी लावली. २०१६मध्ये विवाहित सुपरमॅन मुलासकट परत आला. नवं काय सांगायचं हे ठरलेलं नसेल तर जुनं पुसू नका.

बिघडलेलं नातं वारशाने हाती आलं तर

चालू मालिका हाती घेणाऱ्या लेखकाचं हे खरं दुखणं. एक्स-मेनच्या सायक्लॉप्सने १९८३ साली मॅडलिन प्रायर या वैमानिकेशी लग्न केलं, त्यांना मूलही झालं. १९८६मध्ये जुनी प्रेयसी जीन ग्रे जिवंत असल्याचं कळताच हा नायक बायको-मुलाला सोडून निघाला, कारण नव्या मालिकेला तो हवा होता. मग त्याच्या अंगावरचा डाग पुसायला काय केलं? मॅडलिनला जीनची क्लोन ठरवलं, सैतानी राणी बनवलं आणि १९८९मध्ये मारून टाकलं. त्याने सोडलेली बायकोच वाईट निघाली, की तो आपोआप बरोबर! वाचक मात्र ते अजून विसरलेले नाहीत. सायक्लॉप्सचं नाव निघालं की कोणीतरी हा विषय काढतंच.

अशी गोष्ट हाती आली तर आधीचे अंक वाचताना तिचे प्रसंग वेगळे काढा आणि मागच्या कोणत्या लेखकाने तिला काम, मित्र, सवयी दिल्या होत्या ते शोधा. तिथून धागा उचला. नायकाने केलेलं चुकीचं वागणं चुकीचंच राहू द्या. मेंदूचा ताबा, क्लोन, समांतर विश्व असल्या सबबी त्याला देऊ नका. त्याला तिच्यासमोर उभं करा आणि तिला जे म्हणायचं आहे ते पूर्ण म्हणू द्या, मध्ये स्फोट घडवू नका. तिने माफ केलंच पाहिजे असंही नाही. महिन्यातून एकदा मुलाला भेटवण्यापुरते दोघं समोरासमोर येतात, एवढ्या सामग्रीवर दोन वर्षांची मालिका आरामात उभी राहते.