अळंबीची जात डीएनएवरून ओळखताना

जांबोटी रस्त्यावर पावसाळ्यात पानांत गुंडाळलेली अळंबी विकायला येते. मी हमखास विचारतो, "मावशी, कुठनं आणलासा?" वारुळावरची असेल तर ती खाण्याची टर्मिटोमायसिस. तिच्यासारखीच दिसणारी क्लोरोफायलम गवतात उगवते आणि खाल्ली की काही तासांतच उलट्या. कोवळेपणी दोघींच्या टोपीखालच्या पात्या पांढऱ्याच.

या जोडीसाठी डीएनए नको. टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी कागदावर बीजाणूंची हिरवट भुकटी दिसली तर क्लोरोफायलम. टर्मिटोमायसिसची गुलाबीसर. पण गुलाबी दिसली म्हणून लगेच कढई चढवू नका. एंटोलोमाचीही गुलाबीच, आणि त्यात विषारी जाती आहेत.

डीएनए लागतो तो टर्मिटोमायसिसच्याच सख्ख्या बहिणी वेगळ्या करायला. त्यातलं निम्मं काम वारुळापाशीच होतं. टोपी हातानं फाडा. कापली तर ब्लेड वरची माती आत ओढतं. आतल्या पांढऱ्या गराचा हरभऱ्याएवढा तुकडा स्पिरिटनं पुसलेल्या चिमट्यानं काढा आणि सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या, नळीत टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. उरलेली अळंबी वाळवून त्याच नंबरानं जपा. पहिल्या वर्षी मी देठाचं बूड प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस तसंच ठेवलं. रिपोर्टात आली ट्रायकोडर्मा, म्हणजे वर चढलेली हिरवी बुरशी! पैसे गेले ते गेलेच.

प्रयोगशाळेत सीटॅब या रसायनानं डीएनए काढतात आणि त्यातला आयटीएस हा भाग पीसीआरनं, म्हणजे यंत्रात त्याच्या असंख्य प्रती काढून, वाढवतात. बुरशीचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून तो २०१२ साली रीतसर सुचवला गेला. प्रायमर, म्हणजे त्या भागाची दोन टोकं धरणारे डीएनएचे छोटे तुकडे, आयटीएस१एफ आणि आयटीएस४, साधारण ५५ अंश, ३५ फेऱ्या. सोबत नुसत्या पाण्याची एक नळी लावाच. तिच्यातही डीएनएचा पट्टा उमटला तर बाहेरचा डीएनए शिरलाय, सगळं फेकून पुन्हा सुरुवात.

त्या भागाची अक्षरं, म्हणजे डीएनएचा क्रम, वाचून हाती आली की आधी सोबतचा आलेख बघा. सुरुवातीची नि शेवटची गिचमिड छाटा. मग जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात ब्लास्ट करा, म्हणजे जुळणारे क्रम शोधा, पण पहिल्या नावावर भाळू नका. ती नावं नमुना देणाऱ्यांनीच लिहिलेली असतात, चुकीचीही असतात. जातीच्या मूळ नमुन्याचा क्रम मिळतोय का ते शोधा, आणि जुळणी किती लांबीवर झालीय तेही बघा. ९७ टक्के जुळलं की तीच जात, हा नियम सरसकट लावू नका. फ्युझेरियम या दुसऱ्या बुरशीत तर आयटीएसवर भागतच नाही, टीईएफ१ जनुक घ्यावा लागतो.

कणकुंबीकडच्या माझ्या सात नंबरच्या नमुन्याला चांगली जुळणी मिळालीच नाही. चिठ्ठीवर लिहिलं, 'टर्मिटोमायसिस, जात ठरली नाही', आणि डबा कपाटात ठेवला.