नगरपरिषदेच्या कर विभागात नव्याने रुजू होताना या चुका टाळा

महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवेतील कर निर्धारण व प्रशासकीय सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन एखाद्या तालुक्याच्या गावी रुजू होणाऱ्या उमेदवाराला बहुधा वाटत असते की, आपली खरी कसोटी थकबाकीदाराच्या दारात लागणार आहे. माझा अनुभव वेगळा आहे. दारातली बाचाबाची दोन दिवसांत विसरली जाते; रजिस्टरातली चुकीची नोंद मात्र बदली झाल्यावरही लेखापरीक्षणाचा आक्षेप होऊन मागे लागते.

पहिली चूक रुजू होण्याच्या दिवशीच होते. आधीच्या कर्मचाऱ्याने तयार ठेवलेल्या कार्यभार यादीवर पावती पुस्तके न मोजताच सही केली जाते. कोरी, अर्धवट वापरलेली आणि संपलेली अशी सर्व पुस्तके साठा नोंदवहीशी ताडून पाहावीत, चालू पुस्तकातील शेवटच्या फाडलेल्या पावतीचा क्रमांक यादीत लिहून घ्यावा आणि रद्द केलेल्या पावतीची मूळ प्रत पुस्तकातच आहे ना, याची खात्री करावी. एखादे पुस्तक सापडत नसल्यास ‘नंतर शोधून देतो’ या तोंडी शब्दावर न थांबता सही करण्यापूर्वी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवावे.

मालमत्ता क्रमांक लिहिताना होणारी गफलत सर्वांत महागात पडते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका मावशींकडे थकबाकी मागायला गेलो. “अहो साहेब, हे पैसे आम्ही गेल्याच साली भरलेत,” असे म्हणत त्यांनी देवाच्या तसबिरीमागून चार घड्यांची पावती काढून दिली. पावती खरी होती, रक्कमही बरोबर होती. मात्र ४१२ ऐवजी ४२१ लिहिले गेल्यामुळे त्यांचे पैसे दुसऱ्याच घराच्या खाती जमा झाले होते आणि त्या दुसऱ्या घरमालकाने तेवढ्यावर थकबाकी नसल्याचा दाखलाही नेला होता. अशा वेळी मूळ नोंदीवर खाडाखोड करू नये. पावतीची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत), किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि दोन्ही मालमत्तांचे उतारे जोडून टिप्पणी सादर करावी, सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश घ्यावा आणि त्यानंतरच दोन्ही खात्यांत दुरुस्ती करून आदेशाचा क्रमांक शेऱ्यात नोंदवावा. पावती फाडण्यापूर्वी क्रमांकासोबत मालकाचे नाव मोठ्याने वाचून दाखवण्याची सवय मला त्या प्रकरणानंतर लागली.

वसूल झालेली रोख त्याच दिवशी, उशीर झालाच तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, भरणा झालीच पाहिजे. ‘पगार झाला की भरून टाकू’ म्हणून चार दिवस वापरलेली रक्कम परत भरली, तरी तो तात्पुरता अपहारच ठरतो; लोकसेवकाने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(५) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. घरपट्टीच्या बिलातील शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हा शासनाचा पैसा असल्याने त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. धनादेश न वटल्यास जमा नोंद उलटवून मागणी पुन्हा उभी करावी आणि बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत धनादेश देणाऱ्याला लेखी नोटीस बजावावी, अन्यथा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खालच्या फौजदारी तक्रारीची वाट बंद होते.

बिल, मागणीची नोटीस आणि त्यानंतर जप्तीचे अधिपत्र (वॉरंट) हा १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील क्रम आहे. उत्साहाच्या भरात यातली एखादी पायरी गाळली किंवा बजावणीचा पुरावा ठेवला नाही, तर रास्त मागणीही अपिलात टिकत नाही. नोटीस कोणी घेतली, त्या व्यक्तीचे मालकाशी नाते काय आणि तारीख कोणती, हे स्थळप्रतीवर लिहून घ्यावे. घराला कुलूप असल्यास नोटीस दर्शनी भागावर चिकटवून पंचांसमक्ष पंचनामा करावा.

भावाभावांच्या वादात “घरपट्टी माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझेच ना?” असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याला होकार देऊ नये. आकारणी रजिस्टरातील नाव कर वसूल करण्यापुरते असते. त्याने मालकी हक्क सिद्ध होत नाही.

आणखी एक चूक म्हणजे सगळी थकबाकी मार्चवर ढकलणे. थकबाकीच्या आकड्यात पाडलेली घरे, दुबार नोंदी, न्यायप्रविष्ट प्रकरणे आणि केंद्र सरकारच्या इमारती मिसळलेल्या असतात. संविधानाच्या अनुच्छेद २८५ मुळे अशा इमारतींकडून सर्वसाधारणपणे कराऐवजी सेवा शुल्कच मिळते. मार्चमध्ये कितीही दारे ठोठावली, तरी यातला मोठा भाग हाती लागत नाही. म्हणून अशा मालमत्तांची वेगळी यादी एप्रिलमध्येच करून एकेका प्रकरणाची टिप्पणी मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवावी.